अर्धा किलो कोवळी कारली

म्हणजे — तुम्हाला माहीतच नव्हतं? अहो मावशी, असं बघू नका माझ्याकडे. मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळलं असणार. मी आल्या आल्या पिशवी पुढे केली, द्वारकाताईंची सून म्हटलं, तुम्ही हसलात, म्हणालात पिशवीच सांगतेय की, आणि काही न विचारता भरायलाच घेतलीत — मेथी, दोडकी, सांबाराची जुडी — तुम्हीसुद्धा त्यांच्यासारखं सांबारच म्हणता, कोथिंबीर नाही — आणि मग कारल्यांच्या टोपलीकडे हात गेला तेव्हा मी आपलं सहज म्हटलं. कारली नकोत मावशी, सासूबाई वारल्यापासून आमच्याकडे कुणी खात नाही. अगदी सहज. एखादी सांगते ना, मिरच्या कमी घाला, तसं. आणि तुमचा हात तिथेच थांबला. अजून थांबलाय. ठेवा ती खाली. नको, असू द्या हातात. तुम्हाला बरं वाटेल तसं करा.

हो. जुलैमध्ये. अठरा तारखेला, शुक्रवार होता. किडन्या गेल्या होत्या, साखर तर जुनीच — आठवड्याला दोनदा डायलिसिस चालू होतं, ते तरी माहीत होतं ना? तेही नाही? नुसतं तब्येत नरम आहे, एवढंच? येत्या अठराला चार महिने होतील मावशी. आणि हे चार महिने, दर मंगळवारी, दर शुक्रवारी, बाबा, माझे सासरे, इथे तुमच्यासमोर उभे राहतात. काय सांगतात ते तुम्हाला? सांगा ना, मी रागावणार नाही. — काय? तिने नेहमीचं सांगितलंय. बस? एवढंच, दर वेळी? आणि तुम्ही विचारायचात तेव्हा, ताई कशा आहेत म्हणून — आता काही त्रास नाही तिला. असं म्हणाले? हं. अगदी त्यांचं वाक्य आहे. चौतीस वर्षं इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काढलेला माणूस, जपून हाताळतो, शब्दसुद्धा. खोटं बोलले नाहीत बघा. एक अक्षर खोटं नाही.

थांबा, मी जरा बसते. ही टोपली उलटी घातली तर चालेल? खराडीहून दोन बसा बदलून आलेय, दुसऱ्या बसमध्ये उभी होते, ऑफिसातून अर्धी रजा घेतली, पायात ही असली चप्पल. तुम्ही गिऱ्हाइकं बघा, मी अडवत नाही. पण मला हे जरा मांडू द्या, कारण मला आत्ता आत्ता, इथे बसल्या बसल्या, एकेक लागत चाललंय. आणि मी तशी बोलणारी नाही हो. ऑफिसात मला म्यूट म्हणतात, टीव्हीचं बटण असतं ना ते. सासूबाई लग्नाच्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, ही बोलत नाही पण हिचं लक्ष सगळीकडे असतं. ते खरं आहे. लक्ष होतं. सगळं दिसत होतं मला. कळलं मात्र काहीच नाही.

तुम्हाला कळत असेल ना मावशी, बाई काय घेते त्यावरून तिचं काय चाललंय ते? तीस वर्षं बसताय इथे. मला वाटायचं मलाही कळतं. माझं ऑफिस खराडीला, घरही खराडीला, आणि दोन्हींच्या मधे एक भलामोठा मॉल. संध्याकाळी सहा वाजता सगळी ऑफिसं त्यात सांडतात, गळ्यातली ओळखपत्रं तशीच. मी रांगेत उभी राहून पुढच्याची टोपली वाचते, दुसरं काय करणार. साहेबाची बोलणी खाल्लेला मुलगा वेफर्सची दोन मोठी पाकिटं घेतो आणि दाराबाहेर पडायच्या आत एक फोडतो. बढती मिळालेली बाई फळं घेते — ती स्टिकर लावलेली सफरचंदं — आणि न मिळालेली आइस्क्रीमचा डबा. माणूस खुशीत असला की तब्येतीचा विचार करतो, दुःखात असला की जिभेचा. भांडून आलेलं जोडपं तर लगेच ओळखू येतं. दोघांच्या हातात दोन टोपल्या, आणि दोन्हींत दूध. हल्ली काही ठिकाणी माणसं कमी करतायत म्हणे, तर लोक तांदूळ नेतात. घाबरलेला माणूस धान्य घेतो. माझं? आमच्या ह्यांचा — सुदर्शनचा — ज्या दिवशी अमेरिकेतून फोन येतो त्या दिवशी मी पालक घेते. येत नाही त्या दिवशी क्रीमची बिस्किटं. ऑगस्टपासून चार किलो वजन वाढलंय माझं, त्यावरून काय ते समजा.

तर बाबांना मी एकदा त्या मॉलमध्ये नेलं. सप्टेंबरात. म्हटलं, घराजवळ आहे, थंडगार आहे, बसायला बाकही आहेत. ते भाज्यांपाशी उभे राहिले, हात मागे बांधून. प्रत्येक भाजी प्लास्टिकमध्ये आवळून ठेवलेली, वर चिठ्ठी. तिथली मुलगी त्यांना तीन वेळा म्हणाली, हेल्प करू का सर. त्यांनी एक पाव उचलला, तो घेऊन बाहेर आले, आणि पुढे तीन दिवस घरात शब्द नाही. मी मनात लिहून ठेवलं — मॉल, पाव, तीन दिवस. आणि तुमच्याकडचे दिवस वेगळे. मंगळवारी सकाळी दाढी. इस्त्रीचा शर्ट. खिळ्यावरून ही पिशवी काढायची, झटकायची, चार घड्या घालून काखेत धरायची. बघितलीत ना नीट ही पिशवी? त्यांच्याच जुन्या पॅंटची आहे, मागचा खिसा अजून तसाच आहे, बटणासकट. सासूबाईंनी शिवलेली. मग दुपारी निघायचे ते संध्याकाळी पिशवी गच्च भरून परत, आणि चेहरा — कसं सांगू — कुणाशी तरी पोटभर बोलून आलेल्या माणसाचा. त्या रात्री एक भाकरी जास्त. बुधवारी निम्मं उतरायचं. गुरुवारी चहासुद्धा नको. शुक्रवारी पुन्हा दाढी. मी दिवसभर ऑफिसात तक्ते भरते मावशी, तसाच एक मनात भरला, आणि त्यातून निष्कर्ष काय काढला माहितीये? ताजी भाजी हाताळली की माणसाचं मन सुधारतं. कुठल्या तरी पुरवणीत वाचलं होतं. बघा. म्हणजे माझ्या समोरून माणूस आठवड्यातून दोनदा आपल्या बायकोकडे जाऊन येत होता, आणि मी म्हणत होते, जीवनसत्त्वं.

हसू नका. हसा, चालेल. मला हसायचंच होतं खरं, म्हणून तर सुदर्शनला सांगितलं. नव्या लग्नात फोनवर बोलायला विषय लागतात हो. मे महिन्यात लग्न, ऑगस्टमध्ये तो तिकडे, त्यातला दीड महिना दवाखान्याच्या फेऱ्या — आम्ही एकमेकांशी काय बोललोय म्हणाल तर डब्यात काय दिलंय आणि रिपोर्ट आला का. तो आईबद्दल बोलत नाही. मी विचारलं की म्हणतो मीटिंग आहे. मग मी गमती शोधते. म्हटलं, अरे तुझे बाबा दोन बसा बदलून खडकीला जातात आणि कारली आणतात, जी आपल्या घरात कुणी तोंडात घेत नाही, आणि मी ती पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकते. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला, त्रेसष्ट वर्षांचं वय आहे त्यांचं, तू जाऊ कशी देतेस. आणि रविवारी बाबांना फोन करून सांगितलं, आता खडकी बंद, नम्रता मॉलमधून सगळं आणेल. बाबा बरं म्हणाले. नुसतं बरं. आणि फोन ठेवून खिळ्याकडे बघत बसले, पिशवीच्या.

म्हणजे मीच केलं ते. मी तोंड उघडलं की असं होतं.

पण मंगळवारी ते आलेच ना तुमच्याकडे? आलेच. न सांगता. मी ऑफिसात असताना. आणि परत जाताना येरवड्याला बसमधून उतरताना पाय मुरगळला. घोटा असा सुजलाय, नारळासारखा. शेजारच्या गेनबाकाकांनी घरी आणलं. मला म्हणाले, कुणाला सांगू नको. कुणाला म्हणजे सुदर्शनला. पाय कॉटवर, आणि तरी काल गुरुवारपासून एकच — उद्या शुक्रवार आहे, मी जाईन, रिक्षाने जाईन. मी म्हटलं, बाबा, मी आणते ना. तर इतक्या मोठ्यांदा नको म्हणाले की मी दचकले. त्यांनी कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मला वाटलं, संकोच असेल, सुनेला कामाला कशाला लावायचं वगैरे. म्हणून आज सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी गुपचूप पिशवी काढली खिळ्यावरची. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता मला. खूश होतील म्हटलं.

आणि हा फोन दिवसभर वाजतोय. सकाळी अकरापासून. बाबा कधी फोन करत नाहीत हो, फोन फक्त घ्यायची वस्तू आहे असं त्यांचं मत आहे. आज सात वेळा. मी उचलला नाही. म्हटलं बेत फुटेल.

मावशी, एक विचारू? तुम्ही कधी पिशवीत वर काही टाकत होतात का? न मागितलेलं? — टाकायचात ना. अंबाडीची मूठभर पानं, चार हिरव्या मिरच्या, एकदा लिंबू, एकदा दोन गावठी काकड्या. ताईंना सांगा हिराने दिलंय. असं म्हणायचात? बरोबर. मग ऐका. आमच्या बैठकीत एक फळी आहे, तिच्यावर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेब, आणि खालच्या बाजूला आता सासूबाईंचा फोटो. त्या गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मोठा केलेला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या फोटोपुढे काहीतरी हिरवं असायचं. मी बघायचे. फुलं नाहीत, उदबत्ती नाही, चार मिरच्या. मला वाटलं, दुःखाने माणसं काय काय करतात, आपण बोलू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मिरच्या उचलून पोह्यांत घालायची. खाऊन टाकल्या मी. तुम्ही त्यांना पाठवलेल्या, त्यांनी त्यांना पोचवलेल्या, आणि मी — नाही, ठीक आहे. मिरच्याच होत्या.

कारल्यांचं मात्र मला विसरता येणार नाही. सासूबाई गेल्यावर पहिल्या वेळी आणली तेव्हा मी त्यांना विचारलं, बाबा, कारली कोण खाणार? ते म्हणाले, हो की. आणि फ्रिज उघडून ठेवून दिली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मला वाटलं, विसरतात. मी आधीची पिवळी पडलेली पेपरात गुंडाळली, डब्यात टाकली, वर शिळा भात टाकला, दिसू नये म्हणून. त्यांना दिसलं. त्यानंतरच्या मंगळवारी मी घरी आले तर स्वयंपाकघरात धूर, आणि बाबा गॅसपुढे. ज्या माणसाने जन्मात कधी पाणी तापवलं नाही. कारली चिरून टाकली होती, बियांसकट, नुसत्या तेलावर. मी म्हटलं, अहो, आधी मीठ लावून पिळून घ्यायची, कडूपणा निघून जातो. तर म्हणाले, पिळून टाकलं की औषध जातं असं ती म्हणायची. ती कडूच खायची. आणि बसले ताट घेऊन, त्या एकदाच. एकेक फोड. कारलं त्यांना मुळीच आवडत नाही मावशी, त्यांनीच लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला सांगितलं होतं, या घरात कारलं फक्त द्वारकाचं. ते खाता खाता त्यांचे डोळे भरले. मी पाणी दिलं. मी काय म्हटलं माहितीये? फार कडू झालंय का. आणि ते म्हणाले, नाही गं, बरोबर झालंय.

कसं सांगणार होते ते तुम्हाला? मला आत्ता दिसतंय ते. सासूबाई होत्या तोवर जूनपासून बाबाच यायचे ना, तिने नेहमीचं सांगितलंय म्हणत. आणि नेहमीचं म्हणजे काय, हे त्यांना कुठे ठाऊक. ते तुमचं आणि सासूबाईंचं. ते नुसती पिशवी धरून उभे राहायचे आणि तुम्ही भरायचात. मग जुलैत पंधरा दिवस आले नाहीत. मग आले. तुम्ही म्हणालात, किती दिवस झाले, ताई कशा आहेत, आणि उत्तराची वाट न बघता भरायला लागला असाल, मेथी, दोडकी, कारली. त्यांनी काय करायचं? घरी तेवढे पंधरा दिवस येणारा प्रत्येक जण रडका चेहरा घेऊन येत होता. माझ्या माहेरचे, त्यांच्या भंडाऱ्याचे, सोसायटीतले, लिफ्टमध्ये भेटणारे. फॅक्टरीच्या क्वार्टर्समधले आमचे जुने शेजारी कुणी उरले नाहीत इथे, नाहीतर तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असतं. आणि इथे तुम्ही हसत म्हणताय, ताईंना सांगा आज कारली कोवळी आलीत. अख्ख्या पुण्यात एवढीच एक जागा उरली होती, हे अडीच हाताचं गोणपाट, जिथे त्या जिवंत होत्या. जिथे त्यांचा अर्धा किलो अजून त्यांच्या नावाचा होता. ते पोचायचे, कुणीतरी त्यांच्याजवळ त्यांच्या बायकोसाठी निरोप द्यायचं, आणि ते सांगतो म्हणायचे.

आणि मी येऊन दोन मिनिटांत उठवली ती जागा. कारली नकोत म्हणून.

मला सांगायलाच हवं का हे तुम्हाला, पण सांगते. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या होत्या, चल गं माझ्यासोबत खडकीला, हिराशी ओळख करून देते, भाजी कशी घ्यायची ते तिच्याकडे शिकायचं. त्यांच्या पायांवर सूज होती, तरी यायच्या त्या. आणि मी म्हटलं, अहो, इतक्या लांब कशाला, समोर मॉल आहे ना, सगळं निवडून ठेवलेलं मिळतं. अहोच म्हटलं. मला आई म्हणायला जमायचं नाही मावशी, तोंडातून यायचंच नाही, माझी आई आहे ना चिंचवडला धडधाकट — मग मी अहो, ऐकलंत का, असं करून भागवायची. त्यांना ते कळायचं. त्या दिवशी मॉल म्हटल्यावर त्या बरं म्हणाल्या — यांच्या घरात सगळे बरं म्हणतात — आणि एकट्या आल्या. ती त्यांची शेवटची फेरी. त्यानंतर डायलिसिस लागलं. पुन्हा विचारलं नाही त्यांनी. आले असते ना तेव्हा, तर मी तुम्हाला ओळखत असते. आणि मग जुलैत मीच येऊन सांगितलं असतं, व्यवस्थित, बाजूला घेऊन, तुमचा हात धरून. असं मेथी आणि दोडक्यांच्या मधे नाही.

एकच मिनिट. हाच तो. बाबांचा फोन. आठवा. उचलू का? उचलते.

हॅलो — हो बाबा. हो, पिशवी माझ्याकडेच आहे. हो, खडकीतच. नाही — नाही, अजून सापडल्या नाहीत मला त्या. बाजार केवढा मोठा आहे. विचारतेय लोकांना. — नाही बाबा, कुणाशीच नाही बोलले. — बाबा, तुम्ही कुठे आहात, एवढा आवाज कसला? — अहो पण पाय — बरं. थांबते. नाही, नाही विचारत कुणाला. इथेच थांबते.

रिक्षात आहेत. होळकर पुलावर पोचलेत. म्हणाले, तिथेच उभी राहा, एकटी जाऊ नकोस तिच्याकडे, मी येतो आहे. मावशी, तो माणूस सुजलेला पाय घेऊन खराडीहून निघालाय, तुम्हाला कळू नये म्हणून. पाच मिनिटं. दहा म्हणा, पुलावर गर्दी असते.

मी काय म्हणतेय ते तुमच्या लक्षात आलंय. नाही, मान हलवू नका अशी, आधी ऐका. मला ठाऊक आहे, हे बरोबर नाही. ऑफिसात कुणी मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांना डॉक्टरकडे न्या, खरं काय ते स्वीकारायला हवं. पण त्यांनी स्वीकारलंय हो. त्यांनीच सगळं केलं, पांढरे कपडे घालून, भंतेजींच्या समोर बसून, एकदाही आवाज कापला नाही. त्यांना माहितीये त्या नाहीत ते. रोज माहिती असतं. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास नको असतं. एवढंच मागतात. आणि सांगतील ते तुम्हाला कधीतरी. स्वतः सांगतील. तीस वर्षांची ओळख आहे, चोरून ठेवायची नाही त्यांना, पण ते त्यांनी सांगायला हवं, मी नाही. माझ्या तोंडून सुटलं ते सुटलं. तुम्ही ते ऐकलंच नाही असं करा. चेहरा तेवढा — हो, मला माहितीये.

तुमची मैत्रीण होती. मला समजतंय मावशी. तुम्हालाही रडायचं असेल, आणि मी तुम्हाला सांगतेय की रडू नका, गिऱ्हाईक येतंय. आजच्या दिवस थांबा. रविवारी मी एकटी येते, त्यांना न सांगता. आपण दोघी बसू इथे मागे. तुम्ही मला सांगा त्या कशा होत्या. मला फक्त बासष्ट दिवस मिळाले, त्यातले चाळीस दवाखान्यात. त्या कशावर हसायच्या तेही मला नक्की माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

निघून जाऊ का मी? आल्यावर त्यांना सांगा, कुणीच आलं नव्हतं. पण पिशवी? पिशवी नसताना ते तुमच्यासमोर उभे कसे राहतील. इथे ठेवून गेले तर कळेलच. घेऊन गेले तर — नाही. काही सुचत नाही मला. असं करा, ही मेथी बाहेर काढा, दोडकीही. रिकामी हवी. मी आत्ताच आले.

ती बघा रिक्षा थांबली. केळीवाल्याच्या पलीकडे. तेच. एका पायात बूट, एका पायात स्लिपर, आणि शर्टाला इस्त्री. दाढी केलीय मावशी. एवढ्यात दाढी केलीय त्यांनी. इकडेच बघतायत. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. तुमचा चेहरा वाचतायत. डोळे पुसा. कांद्याचं निमित्त सांगायची सोय नाही, तुम्ही कांदे ठेवतच नाही. पाणी शिंपडा भाजीवर, तोंडावर उडालं म्हणा. हं. असंच.

बाबा, सावकाश या. घाई करू नका, मी इथेच आहे. — हो, ह्याच ना हिरामावशी? आत्ताच सापडल्या. त्यांनीच हाक मारली, पिशवीवरून ओळखलं म्हणे. — नाही बाबा. बोलणं कुठलं. एवढ्यात तर पिशवी पुढे केली. तुम्ही बसा ह्या टोपलीवर. पाय खाली सोडू नका, असा लांब ठेवा.

मावशी, नेहमीचं द्या. मेथी, दोडकी, सांबार. आणि अर्धा किलो कारली.

कोवळी बघून घाला. आईंनी सांगितलंय.